नव्या घरात टोचणारा आवाज: स्टिरिओ मवाळ करण्याच्या पाच महिन्यांच्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४

दिवाळी झाली आणि आम्ही गावाकडचं माळवदाचं घर सोडून अंबाजोगाईत नव्या घरी राहायला आलो. गाण्याचा सेट तोच आणला आहे: ५० वॅटचा ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर, साडेसहा इंची वूफर (खालच्या सुरांसाठी) आणि ॲल्युमिनियमच्या घुमटाचा ट्वीटर (वरच्या सुरांसाठी) असलेले दोन स्पीकर, सीडी प्लेअर आणि रेकॉर्ड प्लेअर. रेकॉर्ड प्लेअरला ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ई कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) आहे. वडिलांनी जमवलेल्या अभंगांच्या आणि नाट्यगीतांच्या रेकॉर्ड हा आमच्या घरचा ठेवा. त्यांच्यासाठीच हा सगळा खटाटोप.

काल संध्याकाळी पहिल्यांदा सेट लावला. दहा मिनिटांत आई उठून आत गेली. जाताना म्हणाली, "आरं, टाळ कानात टोचायलेत. पहिल्या घरी असं व्हत नव्हतं."

मलाही तेच वाटलं. टाळांचा खणखणाट पुढे येतो, गायकाचा 'स' आणि 'श' चिरतो, हार्मोनियम पत्र्यासारखी वाजते. आवाज कमी केला तर गाणं जातं, टोच राहते.

आईचं दुसरं वाक्य मी त्या दिवशी नीट ऐकलं नाही. ते ऐकलं असतं तर दीड महिना आणि साडेनऊ हजारांच्या वर रुपये वाचले असते. हे नंतर कळलेलं इथे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे ज्यांना हेच काम करायचंय त्यांनी पुढच्या चार नोंदींतल्या चुका टाळाव्यात.

२४ नोव्हेंबर

ॲम्पचं ट्रेबलचं बटण उलटं फिरवून पाहिलं. उपयोग नाही. या बटणाचा खरा जोर १० हजार हर्ट्झच्या आसपास, आणि आमची टोच त्याच्या बरीच खाली, अडीच ते चार हजारांत. बटण कमी केलं की टाळांची मागे रेंगाळणारी शेपटी मरते, तंबोऱ्याची जवारी मळकट होते, पण 'श' तसाच.

स्पीकरची तोंडं फिरवून पाहिली. आधी दोन्ही सरळ माझ्या कानांवर रोखलेले होते. ते बाहेरच्या बाजूला वळवले, आता त्यांची रोख डोक्याच्या मागे साधारण दोन फुटांवर मिळते. थोडा फरक पडला, फुकटात पडला. ही पहिली पायरी प्रत्येकानं करावी.

४ डिसेंबर

इथून चूक सुरू.

ट्रान्झिस्टरचा आवाज कोरडा आणि व्हॉल्व्हचा गोड, हे लहानपणापासून ऐकत आलोय. आमच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्यावर परभणी केंद्र लागायचं. त्या गोडव्याचा अर्धा भाग मीडियम वेव्हचा होता, कारण तिथे दोन स्टेशनांमध्ये ९ किलोहर्ट्झचंच अंतर असतं आणि साडेचार-पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही पोचतच नाही, हा विचार तेव्हा सुचला नाही. पुण्याहून एक जुना व्हॉल्व्हचा ॲम्प घेतला, १६,००० रुपये. ट्रॅव्हल्सनं आणवला, भाडं आणि हमाली मिळून ४५०.

पहिले दोन दिवस आवडला. नवी वस्तू घरात आली की कान तिच्या बाजूनं असतात. ॲम्प बदलून लगेच निकाल देऊ नका, आठवडा जाऊ द्या.

११ डिसेंबर

योगेश्वरीचं मार्गशीर्ष नवरात्र, घरात पाहुणे. सगळ्यांनी अभंग लावायला सांगितले. अर्ध्या तासानं मेव्हणे म्हणाले, "भाऊजी, जरा बारीक करा की." मी मान्य करत नव्हतो ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं: टोच वाढली होती. खालचा आवाज फुगला होता, गळ्याच्या वरच्या पट्टीला धार आली होती, मधला भाग पातळ.

१७ डिसेंबर

स्पीकरच्या वायरी बदलल्या. चांदीचा मुलामा असलेल्या काढून साध्या तांब्याच्या जाड घातल्या. खर्च २,८०० रुपये. संभाजीनगरच्या मित्रानं त्याचा मोजमापाचा यूएसबी माइक काही महिन्यांसाठी दिला आहे, त्यावर आरईडब्ल्यू या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आलेख काढले. जुन्या वायरीचा आणि नव्या वायरीचा आलेख एकमेकांवर ठेवला तर एकच रेघ दिसते. दहा फुटांच्या वायरीत टोच घालवायची ताकद नाही. हे पैसे गेले.

२२ डिसेंबर

आयटीआयमध्ये शिकवणारा मित्र आला. त्यानं वायर, ॲम्प कशाचंच नाव घेतलं नाही. विचारलं एवढंच, "या ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स मोजलास का?" मोजला नव्हता. (इम्पीडन्स म्हणजे प्रवाहाला होणारा विरोध, तो ओहममध्ये मोजतात. आउटपुट इम्पीडन्स म्हणजे ॲम्पच्या स्वतःच्या पोटातला विरोध.)

त्याची रीत सोपी आहे. व्हॉल्व्हचा ॲम्प बिनलोडचा कधीही चालवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. म्हणून दोन ८ ओहमचे जाड रेझिस्टर एकापुढे एक जोडून १६ ओहम केले, १०० हर्ट्झचा सूर सोडला आणि मल्टिमीटरवर व्होल्टेज वाचलं: ३.५६. ॲम्पचं बटण तसंच ठेवून ८ ओहम लावले: ३.२०. दोन्हींवरून हिशेब केला तर ॲम्पच्या पोटात साधारण २ ओहम आहेत. माझ्या ट्रान्झिस्टर ॲम्पवर हाच प्रयोग केला तर दोन्ही वेळा आकडा जवळजवळ तोच.

मग स्पीकरचा इम्पीडन्स काढला. मागच्या पट्टीवर ८ ओहम छापलंय, पण तो सगळीकडे ८ नाही. २०० हर्ट्झला ५ वर उतरतो, अडीच हजारांच्या आसपास १८ वर चढतो. आता पोटात २ ओहम असलेला ॲम्प ५ ओहमच्या जागी जवळपास ३ डेसिबल गमावतो आणि १८ ओहमच्या जागी एकच. म्हणजे अडीच हजार हर्ट्झ मी स्वतः पैसे देऊन २ डेसिबलनं वर उचलले होते, नेमके दुखऱ्या जागी.

व्हॉल्व्हमध्ये खोट नाही. ज्या स्पीकरचा इम्पीडन्स सपाट आहे तिथे हाच ॲम्प छान वाजेल. माझ्या स्पीकरशी त्याची सोयरीक जुळत नाही एवढंच. दुसऱ्या आठवड्यात ११,५०० ला विकला. तोटा ४,५००, परत पाठवण्याचे ४०० वेगळे. घेण्याआधी विक्रेत्याला आउटपुट इम्पीडन्स विचारा आणि आपल्या स्पीकरचा आलेख जवळ ठेवा.

३० डिसेंबर, वेळ अमावस्या

आज सगळे गावाकडे. शेतात कोपीत पांडवांची पूजा झाली, भज्जी, आंबिल, बाजरीचे उंडे. दुपारनंतर जुन्या घरी गेलो. तिथे चुलते राहतात.

यावेळी गाडीत स्पीकर, ट्रान्झिस्टर ॲम्प, सीडी प्लेअर आणि माइक घालून नेले होते. रेकॉर्ड प्लेअर खडबडीत रस्त्यामुळे नेला नाही. आईचं पहिल्या दिवसाचं वाक्य मध्येच परत आठवलं होतं: पहिल्या घरी असं होत नव्हतं.

जुन्या खोलीत स्पीकर होते त्याच जागी मांडले. खोली आत्ता कोठीसारखी झाली आहे. एका बाजूला ज्वारीची पोती भिंतीला लावून रचलेली, दुसऱ्या बाजूला अंथरुणाची चळत, त्यावर वाकळा. पांढऱ्या मातीची दोन हात रुंद भिंत, हात फिरवला की भुगा लागतो. वर लाकडी तुळया, त्यावर मातीचा थर. खाली सारवण.

तीच सीडी लावली. पहिल्या टाळालाच कळलं. टाळ टाळासारखे, गळा पुढे, मृदंगाची शाई ऐकू येतेय. आई दारात उभी होती, काही बोलली नाही, येऊन पोत्यावर बसली.

माइक लावला. दोन हजार हर्ट्झला आवाज विरायला लागणारा वेळ, ज्याला आरटी म्हणतात, इथे ०.५ सेकंद. नव्या घरचा आकडा आठवड्याभरापूर्वी काढला होता: १.३ सेकंद.

रात्री परतताना गाडीत हिशेब स्पष्ट झाला. स्पीकर आधीपासूनच थोडे तीक्ष्ण होते. मातीच्या भिंतींनी आणि पोत्यांनी त्यांचा तो दोष पोटात घातला होता. नव्या घरात पुट्टी, स्लॅब, व्हिट्रिफाइड फरशी आणि काच. पोटात घालायला कोणी उरलं नाही. सेट म्हणजे ॲम्प, स्पीकर आणि खोली अशी तिघांची जुळणी आहे. त्यातल्या एकाला बदलून मी बाकी दोघांना तसंच धरून बसलो होतो.

५ जानेवारी २०२५

आमचा हॉल १२ बाय १४, उंची १० फूट. मधोमध उभं राहून टाळी वाजवली तर वरच्या स्लॅबमधून आणि खालच्या फरशीतून 'टर्रर्र' असा आवाज परत येतो. आधी ही टाळी वाजवायला हवी होती, माइक लागतच नाही.

आज पैसे न घालता प्रयोग केला. आईच्या हातच्या चार वाकळा काढल्या. कपड्यांची दोरी ताणून दोन मागच्या भिंतीसमोर, दोन बाजूच्या भिंतींसमोर टांगल्या. आधी भिंतीला अगदी चिकटवून पाहिल्या: टाळांचा वरचा झगझगाट गेला, पण अडीच-तीन हजारांचा चिरका भाग तसाच, शिवाय घुमायला लागलं. मग दोरी भिंतीपासून हातभर पुढे घेतली. फरक लगेच कानावर पडला. पातळ वस्तू भिंतीला चिकटवली तर वरचंच खाते. मागे पोकळी ठेवली तर आणखी खालपर्यंत खाते.

सोफा मागच्या भिंतीला टेकलेला होता, तो दोन फूट पुढे ओढला. बायकोला हॉलमधल्या वाकळा आणि मध्ये आलेला सोफा दोन्ही पसंत नाही. तिचं म्हणणं रास्त आहे. आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

१२ जानेवारी

वाकळांच्या जागी नीट पॅनेल करायचे. ग्लासवूल इथे सहज मिळत नाही आणि घरात त्याचे तंतू नकोत. आपला मुलूख कापसाचा, तर कापूसच भरायचा ठरवला.

गादीवाल्या मामूंकडे गेलो. त्यांना सांगितलं, "मामू, दोन बाय चारच्या सहा गाद्या, चार इंच जाड. भिंतीला लावायच्यात."

"भिंतीला? मग खाली कोन निजनार?"

समजावून सांगितलं. ऐकून घेतलं, मग पिंजलेल्या कापसाची मूठ माझ्या हातात दिली. "हे नवं हाय. जुन्या गादीचा कापूस सस्त्यात देतो, पन त्याच्यात जीव नाही, दबून बसंल." त्यांच्या दुकानात आता पिंजायचं यंत्र आहे. एका बाजूनं गाठोळं जातं, दुसऱ्या बाजूनं धुकं निघाल्यासारखा कापूस पडतो. त्यात सरकीचे तुकडे राहतात, ते मामू बोटांनी टिपून काढत होते, कारण सरकीमागे किडे आणि उंदीर येतात. हे मला माहीत नव्हतं.

एका पॅनेलला दोन किलो, सहा पॅनेलना बारा किलो. २२० रुपये किलोनं २,६४०. चौकटी सुताराकडून पाइनच्या पट्ट्यांच्या, ३,३०० रुपये. वरून मांजरपाट, ९६० रुपये. कापड निवडताना तोंडाला लावून फुंकर मारायची. फुंकर आरपार गेली तर आवाजही जातो. दुकानदार रेक्झिन दाखवत होता, पुसायला सोपं म्हणून. रेक्झिन लावलं असतं तर पॅनेल भिंतीसारखेच वाजले असते.

कापूस जळतो. सहाही पॅनेल स्विचबोर्डपासून आणि देवघराच्या समईपासून लांब लावायचे, याची जागा आधीच खडूनं आखून घेतली.

१९ जानेवारी

पॅनेल चढवले. दोन मागच्या भिंतीवर, चार बाजूच्या भिंतींवर. बाजूची जागा शोधायची रीत: मी सोफ्यावर बसायचं, मुलीनं भिंतीवरून आरसा सरकवायचा, आरशात ज्या जागी ट्वीटर दिसेल ती जागा. भिंतीपासून दोन इंच पोकळी ठेवली. स्पीकर आणि सोफ्याच्या मध्ये घोंगडी, तिच्यावर सतरंजी. नुसती सतरंजी पुरत नाही.

पहिला आकडा: १.३ वरून ०.६ सेकंद. अडीच ते चार हजारांचा उंचवटा ५०० हर्ट्झच्या तुलनेत साडेचार डेसिबल होता, आता तीनच्या आत.

टाळी वाजवली. 'टप्'. त्या एका आवाजासाठी दिवसभराची छिद्रं पाडायची धूळ सार्थकी लागली असं वाटलं.

२ फेब्रुवारी

पॅनेल पोट सुटल्यासारखे दिसायला लागले. कापूस खाली बसला आहे. वरचा वीतभर भाग हाताला रिकामा लागतो, नुसतं कापड. मामूंना फोन केला तर म्हणाले, "टाके कुठं मारले तुमी? गादीला टाके कशापायी असत्यात मग?"

बरोबर. गादी आडवी असते तरी तिला टाके लागतात, ही तर उभी.

९ फेब्रुवारी

सहाही पॅनेल उतरवले, कापूस हातानं मोकळा करून पुन्हा भरला. मामूंचा मुलगा घरी येऊन मोठ्या सुईनं दर आठ इंचांवर टाका मारून गेला. मागे बारीक जाळी लावली म्हणजे टाका ओढला जात नाही. मजुरी ९०० रुपये. पूर्ण रविवार गेला. पहिल्याच वेळी टाके मारले असते तर हे काम तासाभराचं होतं.

१६ फेब्रुवारी

सीडी आता ऐकवते. रेकॉर्ड मात्र अजून चिरतात. तोच अभंग दोन्हीवर आहे, आलटून पालटून लावला: सीडीवर 'श' ठीक, रेकॉर्डवर 'श'ला शिट्टीसारखी धार. म्हणजे हा दोष खोलीचा नाही, स्पीकरचाही नाही. रेकॉर्ड प्लेअरपासून ॲम्पपर्यंतच्या दोन मीटरमध्ये कुठेतरी आहे.

दोन मीटर हा शब्द लिहिला आणि तिथेच थांबलो. जुन्या घरी रेकॉर्ड प्लेअर ॲम्पशेजारी होता, वायर हातभर. नव्या घरी तो शोकेसवर गेला आणि मी बाजारातून दोन मीटरची वायर आणली.

व्हीएम९५ई साठी कंपनीनं सांगितलेला लोड, म्हणजे तिच्यापुढे जोडायचा भार, आहे ४७ हजार ओहम आणि १०० ते २०० पिकोफॅरड. पिकोफॅरड हे कपॅसिटन्सचं, म्हणजे वायर किती विद्युतभार साठवते त्याचं माप. कार्ट्रिजची गुंडाळी ५५० मिलिहेन्रीची. मित्राच्या एलसीआर मीटरवर नवी वायर मोजली: २९० पिकोफॅरड. आर्मची आतली तार ५०, ॲम्पचा फोनो इनपुट १००. बेरीज ४४०. गुंडाळी आणि ही बेरीज मिळून १० हजार हर्ट्झच्या आसपास घुमतात, म्हणजे ऐकू येणाऱ्या पट्टीच्या आत शिट्टी तयार होते. बेरीज २०० वर आणली तर तो घुमाव १५ हजारांच्या वर सरकतो.

नवी कार्ट्रिज घ्यायला निघालो होतो. हाती मीटर नसता तर सात-आठ हजार आणखी गेले असते.

२३ फेब्रुवारी

६० सेंटिमीटरची कमी कपॅसिटन्सची वायर मागवली, ९०० रुपये, मोजली तर ५० पिकोफॅरड. आता रेकॉर्ड प्लेअर ॲम्पजवळ आणणं भाग होतं. ॲम्पच्या डोक्यावर शहाबादी फरशीचा तुकडा टाकून त्यावर ठेवला. शिट्टी गेली आणि तिच्या जागी 'घूंऽऽ' आली. ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर कार्ट्रिजच्या बरोबर खाली आला होता. सुई आत सरकली की घूं वाढते, बाहेर आली की कमी होते, त्यावरून कळलं. फरशी भिंतीत ब्रॅकेटवर घेतली, ॲम्पपासून दीड फूट बाजूला. घूं बंद.

वडिलांची एक जुनी नाट्यगीतांची रेकॉर्ड लावली. तिच्या दुसऱ्या बाजूला एक जागा आहे, तिथे गायक आलाप संपवून श्वास घेतो. तो श्वास मला या घरात आज पहिल्यांदा ऐकू आला.

२ मार्च

उरलेलं काम स्पीकरचं. खोलीत आणखी पॅनेल बसत नाहीत, घर घरासारखं राहायला हवं. अडीच-चार हजारांत अजून दोन-अडीच डेसिबलचा उंचवटा आहे आणि तो स्पीकरचा स्वतःचा आहे. अंगणात, भिंतींपासून लांब नेऊन मोजला तरी दिसतो.

मागची पट्टी चार स्क्रूंची, तिच्यावरच क्रॉसओव्हरची, म्हणजे खालचे सूर वूफरला आणि वरचे ट्वीटरला वाटून देणाऱ्या फिल्टरची, पाटी. हात लावण्याआधी फोटो काढले, प्रत्येक तारेला कागदाची चिठ्ठी चिकटवली. ट्वीटरच्या बाजूला एक कपॅसिटर ओळीत आणि एक कॉइल आडवी, क्रॉसओव्हर २,८०० हर्ट्झला.

घरात ४.७ ओहमचा १० वॅटचा सिरॅमिक रेझिस्टर पडला होता. तो कॉइल आणि ट्वीटर यांच्यामध्ये ओळीत घातला. हिशेबानं ४ डेसिबल कमी व्हायला हवं. गाणं लावलं तर टाळ मेले, तंबोरा गोणपाटाखाली गेल्यासारखा, आणि 'श' मात्र तसाच टोचतोय. दोन तास सोल्डर तपासत बसलो.

सोल्डर ठीक होतं. आलेख पाहिला तेव्हा उमगलं: अगदी वरच्या टोकाला जवळजवळ ४ डेसिबल उतरलं होतं, २,८०० ला काहीच नाही. त्या कपॅसिटर-कॉइलची रचना पुढे ८ ओहम आहेत असं धरून केलेली असते. मी पुढे १२.७ ओहम केले. त्यानं क्रॉसओव्हरपाशी फिल्टरला उंचवटा आला आणि रेझिस्टरनं कमी केलेलं त्या उंचवट्यानं जसंच्या तसं परत भरून काढलं. चुकीच्या जागी ठेवलेला रेझिस्टर हवं ते सोडून नको ते खातो.

९ मार्च

लातूरला गंजगोलाईत कामानिमित्त गेलो होतो, तिथून रेझिस्टर आणले. दोन्ही स्पीकरचे मिळून चार, १२० रुपये.

आता ४.७ चा काढून एल-पॅड (आवाज उतरवणारी दोन रेझिस्टरांची जोडी) केला: १.५ ओहम ओळीत, आणि त्याच्या पुढे ट्वीटरला समांतर ३३ ओहम. ट्वीटरचे ८ आणि ३३ समांतर म्हणजे ६.४४, त्यात १.५ मिळवले की ७.९४. फिल्टरला वाटतं पुढे तेच ८ ओहम आहेत, त्याचं वागणं बदलत नाही, आणि ट्वीटर सगळीकडे सारखा १.८ डेसिबल उतरतो. दोन डेसिबलला १.६५ आणि ३१ लागतात, पण बाजारात मिळतात ते १.५ आणि ३३. फरक कानाला लागत नाही.

रेझिस्टर पाटीला टेकवू नका, गरम होतात. पाव इंच वर उचलून ठेवले आणि स्पीकरमधल्या कापसापासून लांब.

एका स्पीकरचं काम झाल्यावर दुसरा न बदलता मोनोमध्ये दोन्ही शेजारी ठेवून ऐकले. हे जरूर करा. नवा स्पीकर वेगळा म्हणून लक्षातच येत नाही. जुन्याकडे वळलात की तो ओरडतो.

१६ मार्च

आज ऐकण्याव्यतिरिक्त काही केलं नाही. आलेख: उंचवटा अर्ध्या-एक डेसिबलवर. ट्रेबलचं बटण मध्यावर. स्पीकरची तोंडं पुन्हा थोडी आत घेतली, कारण आता ती रोखली तरी दुखत नाहीत आणि गायक मध्ये नीट उभा राहतो.

कोणाला खर्च विचारायचा असेल तर: उपयोगी पडलेलं सगळं मिळून ८,८२०. पॅनेलचे ७,८०० टाके धरून, वायर ९००, रेझिस्टर १२०. वाया गेलेलं, म्हणजे व्हॉल्व्ह ॲम्पचा तोटा, त्याची येण्याजाण्याची भाडी आणि तांब्याच्या वायरी, ८,१५०. त्यात ॲम्प दाखवायला-द्यायला पुण्याच्या एका फेरीचे दीड हजार धरलेले नाहीत, ते धरले तर ९,६५०.

३० मार्च, पाडवा

सकाळी गुढी उभारून झाल्यावर वडिलांची अभंगांची रेकॉर्ड लावली. आई आत पुरण वाटत होती. मी आवाज तिच्यासाठी नेहमीसारखा बारीक ठेवला होता. आतून हाक आली, "जरा मोठं कर की, हितं ऐकू येईना."

मोठं केलं. टाळांच्या जागी तिच्याकडे पाहत होतो. तिचा हात थांबला नाही.

राहिलेलं: डाव्या बाजूचा एक पॅनेल दाराजवळ आहे, दार उघडं असलं की डाव्या-उजव्यात फरक पडतो. खालचा घुमारा ८० हर्ट्झच्या आसपास अजून आहे, त्याला चार इंची कापूस पुरत नाही, कोपऱ्यात जाड काहीतरी लागेल. पण ऊन चढलंय, कालपासून कूलर सुरू झाला. कूलरच्या आवाजात माइक काही कामाचा नाही, त्यामुळे पुढचं मोजमाप आता पाऊस पडल्यावर. मामूंना कोपऱ्यासाठी वीस किलो कापूस सांगून ठेवला आहे, टाक्यांसकट.